वायफाय डोंगल सारखा बंद पडतो? नवीन घ्यायच्या आधी हे बघा

डेस्कटॉपला यूएसबीचा वायफाय डोंगल लावला, ड्रायव्हर (विंडोजला डोंगल चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) टाकला, काही आठवडे झकास चाललं आणि मग एक दिवस लाईट जाऊन आली की खाली कोपऱ्यात वायफायच्या जागी तो पृथ्वीचा गोळा. डोंगल उपसून परत खुपसला की चालतो, तासाभराने परत तेच. मालवण-देवगडपासून पार हर्णै-दापोलीपर्यंत कुणालाही विचारा, हीच रड. "काल सांजपर्यंत बरो चलत होतो, आज काय झाला तेका?" आणि उपाय काय करतात तर बाजारातून दुसरा डोंगल आणतात, तो पण पुढच्या पावसाळ्यात तसाच वागायला लागतो, मग चायनाच्या मालाला शिव्या.

माझं म्हणणं असं आहे की बहुतेक वेळा डोंगल मेलेला नसतोच. आणि "नेट जातं" ही एक तक्रार नाही, दोन वेगळे आजार आहेत. एकात डोंगल कम्प्युटरलाच दिसेनासा होतो, दुसऱ्यात डोंगल जागेवर असतो पण राऊटरशी त्याचं जमत नाही. पहिल्याचं औषध दुसऱ्याला दिलं तर अख्खा रविवार सेटिंग उचकण्यात जातो आणि हाती काही लागत नाही.

म्हणून नेट गेलं की पहिलं काम म्हणजे डोंगलला हात लावायचा नाही. सगळ्यांना ती घाई असते, उपसला की पुरावाच गेला. त्याऐवजी स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क ॲडॅप्टर्स पसरवा आणि बघा वायरलेसवाली ओळ आहे का. ओळच गायब किंवा पिवळा त्रिकोण असेल तर पहिला आजार. ओळ नीटनेटकी, त्रिकोण वगैरे काही नाही आणि तरी नेट नाही, तर दुसरा. अजून एक सोपी खूण म्हणजे स्पीकर चालू ठेवून काम करा, डोंगल तुटतो तेव्हा पेनड्राइव्ह काढल्यावर येतो तो आवाज येतो, कुणी हात लावला नसताना तो आवाज आला की समजायचं वायफायचा काही संबंध नाही, मामला यूएसबीचा आहे.

आता पहिला आजार, कारण आपल्याकडे हाच जास्त. विंडोज वीज वाचवायला यूएसबीवरची यंत्रं झोपवतं, आणि स्वस्तातले डोंगल झोपले की नीट उठत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ॲडॅप्टरवर डबल क्लिक करा, पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये जाऊन "अलाऊ द कम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर" समोरची टिक काढा. इथपर्यंत बरेच जण करतात. पण मग तिथेच खाली युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्समध्ये यूएसबी रूट हब नावाच्या ओळी असतात, त्या प्रत्येकाला तीच टिक असते, ती कोणी काढत नाही, आणि हब झोपला की त्याच्यावरचा डोंगल पण झोपणारच ना. काही नव्या लॅपटॉपवर ॲडॅप्टरला तो टॅब दिसतच नाही, तिथे तर हबवरच जावं लागतं. शिवाय कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड, तिथे यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड आहे, तो डिसेबल करा. लॅपटॉप असेल तर बॅटरी आणि प्लग्ड इन दोन्हीला.

आणि फास्ट स्टार्टअप. ज्यांची तक्रार अशी आहे की रात्री शटडाऊन केला, सकाळी चालू केला की वायफाय नाही, रिस्टार्ट मारला की येतं, त्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा. विंडोज ८ पासून शटडाऊन म्हणजे पूर्ण शटडाऊन नसतो, ड्रायव्हरसकट विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणजे कालची बिघडलेली अवस्था आज ताज्या रूपात हजर. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं, म्हणून तेव्हा चालतं. पॉवर ऑप्शन्समध्ये "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", मग वरची "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल" ही निळी ओळ दाबली की खालच्या टिक करता येतात, त्यातली फास्ट स्टार्टअपची काढून सेव्ह करा. मशीन चालू व्हायला थोडा जास्त वेळ घेईल, घेऊ दे.

पोर्टचं सांगतो. डेस्कटॉपच्या पुढच्या तोंडाचे यूएसबी पोर्ट आतून एका बारीक वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात, जुन्या कॅबिनेटमध्ये ती वायर काय लायकीची असते ते उघडून बघितलं की कळतं. डोंगल पाठवायच्या-घ्यायच्या वेळी एकदम जास्त करंट ओढतो आणि तिथे व्होल्टेज पडतं, डोंगल रीसेट होतो. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, डोंगल तिथे लावा. बिनआडाप्टरचा यूएसबी हब असेल तर तो मधून काढाच, एकाच हबवर कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह, वर वायफाय आणि त्यात मोबाईल पण चार्जिंगला, कसं चालेल?

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांनी पोर्टमध्ये एकदा बॅटरी मारून बघायचंच. वेंगुर्ल्याकडच्या एका होमस्टेमधला बुकिंगचा कम्प्युटर, खिडकी समोरच किनारा, चोवीस तास खारा वारा आत. डोंगल काढला तर त्याच्या चार पट्ट्यांपैकी कडेच्या एकीवर हिरवट थर आणि पोर्टच्या पत्र्याच्या आत तांबूस पावडर. आता ती कडेची पट्टी म्हणजे एकतर पाच व्होल्टची नाहीतर अर्थची, म्हणजे डोंगल अर्धपोटीच चालत होता. तिथे ड्रायव्हर शंभर वेळा टाकून काय उपयोग. मशीन बंद करून, प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोल कानाच्या काडीला लावून पट्ट्या पुसायच्या, पोर्टमध्ये इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, मग डोंगल काही वेळा आत-बाहेर करायचा, नीट वाळू द्यायचा आणि मगच चालू. पॉलिश पेपर घासू नका, पट्टीवरचा सोन्याचा मुलामा गेला की पुढच्या वेळी अजून लवकर गंजतं. आणि मे संपताना मशीन बंद करून गोणपाटात गुंडाळून ठेवणारे लोक आहेत, त्यापेक्षा पावसाळाभर रोज थोडा वेळ चालू ठेवा, आतल्या उबेने दमटपणा कमी राहतो.

अजून एक गंमत. काही डोंगल लावले की वायफाय न दिसता धिस पीसीमध्ये सीडी ड्राइव्ह दिसायला लागतो. घाबरायचं काही नाही, त्या डोंगलच्या पोटात ड्रायव्हरची छोटी फाईल असते आणि तो सुरुवातीला सीडी असल्याचं सोंग घेतो, ड्रायव्हर बसला की वायफाय होतो. रिअलटेकच्या ८१८८जीयू चिपवाल्यांमध्ये हे हमखास. त्रास असा की लाईट जाऊन आल्यावर कधीकधी तो सोंगातच अडकतो. त्या सीडी ड्राइव्हवर राइट क्लिक करून इजेक्ट करा, बऱ्याचदा तेवढ्यानेच तो रूप बदलतो. नाही बदलला तर त्याच्यातलाच सेटअप परत चालवा.

ड्रायव्हर. डोंगलवर छापलेलं कंपनीचं नाव विसरा, आतली चिप कुठली ते शोधा. एकाच मॉडेल नंबरच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत पण चिप वेगळी असू शकते, खोक्यावर बारीक अक्षरात व्ही२, व्ही३ असं असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीज, डिटेल्स टॅब, वरच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा, तिथे व्हीआयडीपुढे (व्हीआयडी म्हणजे कंपनीचा क्रमांक) ०बीडीए दिसलं तर रिअलटेक, १४८एफ दिसलं तर रॅलिंक म्हणजे आताचं मीडियाटेक. हा आणि पुढचा पीआयडीचा, म्हणजे मॉडेलचा, आकडा दोन्ही मिळून शोधले की नेमकी चिप कळते, उदाहरणार्थ १४८एफ आणि ७६०१ म्हणजे एमटी७६०१यू, स्वस्तातल्या नखाएवढ्या डोंगलमध्ये हीच फार. ड्रायव्हर डोंगलच्या कंपनीच्या साईटवरून नाहीतर विंडोज अपडेटमधून घ्या. "एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर" वाली सॉफ्टवेअरं नकोत, एक ड्रायव्हर टाकायला गेलात तर चार नको त्या गोष्टी टाकून जातात.

नेटच नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा, हा प्रश्न येतोच. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने कम्प्युटरला जोडा, फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, विंडोज १० आणि ११ वेगळा ड्रायव्हर न मागता त्याला नेटवर्क म्हणून घेतात. केबल डेटावाली पाहिजे, नुसती चार्जिंगची नको. आणि बहुतेक फोनवर फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर तेच वायफाय केबलमधून कम्प्युटरला मिळतं, मोबाईल डेटा पण खर्च होत नाही. म्हणजे फोनच डोंगल झाला. दहावी-बारावीच्या फॉर्मची शेवटची तारीख असताना हेच करायचं, दुरुस्ती नंतर.

जुना ड्रायव्हर काढताना अनइन्स्टॉल डिव्हाइस म्हटल्यावर जी छोटी खिडकी येते तिच्यात ड्रायव्हर सॉफ्टवेअर पण काढायची टिक असते, ती करा. ती न करता रिस्टार्ट मारला की विंडोज तोच बिघडका ड्रायव्हर परत बसवतं आणि माणूस म्हणतो ड्रायव्हर बदलून पण फरक नाही. उलट, कालपर्यंत चालत होतं आणि विंडोज अपडेट झाल्यापासून बिघडलं असेल तर ड्रायव्हर टॅबमधलं रोल बॅक दाबा. ते करडं असेल तर मागचा ड्रायव्हर ठेवलेलाच नाही, मग "ब्राउज माय कम्प्युटर", "लेट मी पिक" करून यादीतला जुन्या तारखेचा निवडून बघायचा.

पिवळ्या त्रिकोणावर डबल क्लिक केलं की कोड दिसतो. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण डिव्हाइस सुरू होत नाही, बहुतेकदा चुकीचा ड्रायव्हर. ४३ म्हणजे डिव्हाइसनेच हात वर केलेत, आधी पोर्ट आणि पट्ट्या बघा, दुसऱ्या मशीनवर लावून बघा, तिथे पण ४३ आला तर मात्र डोंगल गेला. २२ म्हणजे कुणीतरी डिसेबल करून ठेवलाय, घरात मुलं असतील तर चौकशी करा.

आता दुसरा आजार. डोंगल दिसतोय, नेट येतं-जातं. इथे आपली घरं आडवी येतात. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, जुन्या घरांत तर फूट-दीड फूट, आणि पावसात चिरा पाणी पितो, ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा सिग्नल जास्त खाते. म्हणून उन्हाळ्यात चालणारी जागा जुलैत चालत नाही, यात भुताटकी काही नाही. त्यात फायबरवाला राऊटर कुठे बसवतो तर पडवीत, जिथे वायर येते तिथेच, आणि कम्प्युटर मागच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या शेजारी. मधे तीन भिंती. वायफायचे पट्टे म्हणजे बँड दोन, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. ५ एवढ्या भिंतींतून जवळजवळ येतच नाही, २.४ त्यातल्या त्यात येतं. राऊटरवर दोन्हीचं नाव एकच ठेवलेलं असेल तर डोंगल एकदा इकडे एकदा तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत नेट तुटतं. राऊटरमध्ये दोन्हीला वेगळी नावं द्या आणि लांबच्या मशीनला २.४ वर बांधून टाका. आणि डोंगल फक्त २.४ वाला असेल तर ५ चं नाव त्याला कधीच दिसणार नाही, "फोनला दिसतं, कम्प्युटरला दिसत नाही" यातले निम्मे लोक इथले.

उरलेल्या निम्म्यांपैकी काहींचा राऊटर २.४ च्या पट्ट्यातल्या चॅनल १२ किंवा १३ वर असतो. आपल्याकडे ते चालतात, पण काही डोंगल अमेरिकेच्या नियमाप्रमाणे ११ पर्यंतच बघतात. राऊटर ऑटोवर असला की एखाद्या दिवशी तो १३ वर जातो आणि डोंगलच्या दृष्टीने घरातलं वायफाय नाहीसं होतं, दुसऱ्या दिवशी परत येतं. राऊटरमध्ये चॅनल हाताने १, ६ किंवा ११ करा, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. तिथेच सिक्युरिटी, म्हणजे पासवर्डची सुरक्षा पद्धत, डब्ल्यूपीए२ एईएस ठेवा. डब्ल्यूपीए३ जुन्या डोंगलना झेपत नाही, विंडोजमध्येच ते १० च्या १९०३ आवृत्तीपासून आलं, विंडोज ७ वाल्यांनी तर नादच सोडा. टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडलेली असेल तर काढा, त्याच्यावर वायफायचा वेग ५४ एमबीपीएसच्या वर जाऊच शकत नाही.

निळा यूएसबी ३.० पोर्ट. नवीन, वेगवान म्हणून लोक डोंगल तिथेच लावतात आणि शेजारच्या पोर्टला बाहेरची हार्डडिस्क. यूएसबी ३.० चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच कचरा ओकतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर कागद काढला होता. फाईल कॉपी करायला लावली की वायफाय रांगायला लागतं, कॉपी संपली की ठीक, असं होत असेल तर हेच. यावर आणि मघाच्या मागच्या पोर्टवर मिळून एकच उपाय आहे. मागचा पोर्ट वीज नीट देतो पण तिथे डोंगल लोखंडी कॅबिनेटच्या पाठीमागे, भिंतीला तोंड करून बसतो, म्हणून यूएसबीची एक-दीड मीटरची एक्स्टेंशन केबल घ्या, मागच्या काळ्या, म्हणजे यूएसबी २.० च्या, पोर्टमधून काढून डोंगल टेबलाच्या वर, शक्यतो खिडकी किंवा दाराच्या रेषेत टांगा. यूएसबी २.० ची केबल एकूण ५ मीटरपर्यंतच चालते, त्यामुळे पडवीपर्यंत न्यायचा विचार करू नका. या फुटकळ केबलने जेवढे डोंगल वाचलेत तेवढे कुठल्या सेटिंगने नाही वाचले.

"कनेक्टेड, नो इंटरनेट" दिसत असेल तर आधी फोनवर त्याच वायफायने नेट चालतंय का बघा. फोनवर पण नसेल तर वर कुठेतरी झावळ पडून फायबर तुटली असेल किंवा माकडांनी लोंबकळून ओढली असेल, डोंगलला दोष देऊ नका. फोनवर चालतंय तर नेटवर्कच्या डिटेल्समध्ये आयपी, म्हणजे कम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता, बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, आयपी ऑटोमॅटिक डीएचसीपीवर (राऊटरने आपोआप पत्ता द्यायची सोय) आहे ना ते तपासा, ते नेटवर्क फर्गेट करून पासवर्ड नव्याने टाका. आयपी बरोबर आहे, पण साईट उघडताना "कनेक्शन प्रायव्हेट नाही" म्हणतं, तर खालचं घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपची सीआर२०३२ बॅटरी मेली की लाईट जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि मग साईटची सर्टिफिकेटं जुळत नाहीत. सात-बारा उघडत नाही म्हणून लोक वायफायला झोडतात आणि दोष असतो त्या तीन व्होल्टच्या बटणासारख्या सेलचा. सेल बदला, तारीख लावा.

एवढं करून पण नेमकं कधी आणि का तुटतं ते कळत नसेल तर विंडोजला स्वतःलाच विचारा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो, डब्ल्यूलॅनरिपोर्ट हे शब्द इंग्रजीत, मधे स्पेस देऊन टाईप करा (netsh wlan show wlanreport). ब्राउझरमध्ये उघडेल असा एक रिपोर्ट बनतो, त्यात मागच्या तीन दिवसांत वायफाय कधी जुळलं, कधी तुटलं आणि तुटायचं कारण काय ते लिहिलेलं असतं. तुटल्याच्या वेळा रोज लाईट गेल्याच्या वेळांशी जुळल्या तर कारण उघड आहे, राऊटर इन्व्हर्टरवर आहे का नुसता कम्प्युटरच आहे ते बघा.

आणि घ्यायचाच झाला नवीन, तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. नखाएवढा २.४ वाला डोंगल जास्तीत जास्त १५० एमबीपीएस म्हणतो, तो पण ४० मेगाहर्ट्झ रुंदीवर, २० वर तो ७२ च असतो आणि हातात त्याच्या निम्मं आलं तरी नशीब. एसी६०० म्हणजे ५ गिगाहर्ट्झचे ४३३ आणि २.४ चे १५०, बेरीज ५८३, ती वर गोल करून ६००. चिऱ्याच्या घरात बाहेर अँटेना असलेला, दोन्ही बँडवाला घ्या. शाळेतल्या किंवा घरच्या मशीनवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स, असेल तर दुकानात विचारून एमटी७६०१यू किंवा मीडियाटेकचाच दुसरा बघा, ७६०१ चा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये, ४.२ आवृत्तीपासून आहे, लावला की चालतो. रिअलटेकचे काही तिथे डोकं खातात. पण आधी ती एक्स्टेंशन केबल आणा, डोंगलपेक्षा स्वस्तात येते.